तो केतुपोंग नव्हताच

सेनियाताई, ऊठ आणि काल उपसलेली बॅग परत भर. मी धक्क्यावर बोट थांबवायला पळतेय. आज गेलीस तर उद्या सिबूच्या दवाखान्यात वेळेवर हजर होशील, नोकरी हातची जाणार नाही.

काल निघताना केतुपोंग पक्षी ओरडला, अपशकुन झाला, म्हणून आजोबांनी तुला थांबवलं ना? आज पहाटे त्याच डुरियनच्या झाडावरून परत तोच आवाज. मी जाऊन बघितलंच. केतुपोंग कसा, मुठीएवढा, तांबूस, बिनशेपटीचा. आणि हा काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा, टोकाला झुबके. अगं, भृंगराज. नकल्या मेला. केतुपोंग झाला की लगेच बुलबुल.

आजोबांना सांगितलं तर गालात हसले. "मला कालच शंका आली होती. केतुपोंग इतका वेळ गात बसत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"डुरियन पिकायला आलेत. म्हटलं, पोरगी खाऊन जाईल."

आता झाडाखाली बसून तुझ्यासाठी दोन फळं बांधतायत. सगळ्या बोटीत वास सुटेल, लोक शिव्या देतील. देऊ देत. तू नाही म्हणू नकोस.

लुलिन