दसऱ्याला विझवलेला दिवा

खामगाव
१२ डिसेंबर

प्रिय पूनम,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. २७ ऑक्टोबरला सकाळी काकूंच्या छातीत दुखू लागलं. अविनाश त्यांना गाडीत घालून उंद्रीहून चिखलीला निघाला.
२. चढावर गाडीचा गिअर सुटला. इंजिन चालू, चाकं थांबलेली.
३. दुसरी गाडी मिळायला चाळीस मिनिटं गेली. दवाखाना येण्याआधीच काकू गेल्या.
४. गाडी ओढून आमच्या वर्कशॉपमध्ये आणली. तपासणी मी केली.

एवढं तुला माहीत आहे. तेराव्याला तू सगळ्यांदेखत अविनाशला विचारलंस, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागला असणारच, मग गाडी दाखवली का नाहीस? तो म्हणाला, "दिवा लागलाच नव्हता, ताई." तू म्हणालीस, "आई तर गेली. आता खोटं तरी बोलू नको." त्यानंतर तुम्ही बहीणभाऊ बोललेले नाहीत. मी समोरच्याच पंगतीत होते. गप्प राहिले.

अविनाश खरं बोलत होता.

दसऱ्याला मी गावी आले होते. तो सकाळपासून सोयाबीनच्या मळणीवर होता. काकूंनी गाडी धुऊन झेंडूची माळ बांधली होती. त्या गाडी शिकणार होत्या, म्हणूनच तर क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली होती. मला दाखवायला त्यांनी किल्ली फिरवली आणि तो पिवळा दिवा लागला, तो विझेना. "पूजेच्या दिवशी हा काऊन डोळे वटारून राह्यला वं? बंद कर त्याले." मी म्हटलं, आधी तपासावं लागेल. तर म्हणाल्या, "इंजिनियर झाली अन् एक दिवा विझवता येत नाही का तुले?"

गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर माझ्या बॅगेत होता. दोष एकच दिसला: गिअर बदलणाऱ्या पंपाचा दाब कमी. आमच्या कामात आधी दुरुस्ती, मग दिवा. मी फक्त दोषाची नोंद पुसून दिवा मिटवला. असा दोष अधूनमधून येतो. तो पुन्हा पकडला जाईपर्यंत दिवा लागत नाही. काकूंनी बोनेटवर स्वस्तिक काढलं आणि बोटावरचं उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. चार दिवसांत गाडी पाठवा, असं मी त्यांना सांगितलं. "सोयाबीन निघू दे, मंग पाठवू," म्हणाल्या. अविनाशला मी फोन केला नाही. दिवाळीत वर्कशॉपमध्ये गर्दी होती, पण ते काही कारण नव्हे.

तपासणीत स्कॅनरवर आकडा आला: दोषाची नोंद पुसल्यापासून, म्हणजे दसऱ्यापासून, चाललेलं अंतर, ३८६ किलोमीटर. तो फक्त मी पाहिला. अहवालात 'पंप निकामी' एवढंच लिहिलं. ते खरं आहे आणि अपुरं आहे.

ती चाळीस मिनिटं वाचली असती तर काकू वाचल्या असत्या का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही येणार नाही. मुलीला पॉलिटेक्निक कशाला, असं आमच्या घरी चाललं होतं, तेव्हा फॉर्म भरायला माझ्यासोबत काकूच आल्या होत्या. तू तेव्हा आजीकडे मेहकरला होतीस. एसटीत त्यांनी मला खिडकी दिली होती.

गेल्या रविवारी अविनाश गाडी न्यायला आला. स्टिअरिंगमागे बसला. मग म्हणाला, "दिवा लागला असन, अर्पिताताई. मलेच दिसला नसन." त्याला आता तसंच वाटू लागलं आहे. मी त्याच्या हातात किल्ली दिली आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून हे पत्र लिहिते आहे. रविवारी, २१ तारखेला, सकाळी अकरा वाजता मी उंद्रीला जाऊन त्याला सगळं सांगणार आहे. तू आलीस किंवा नाही आलीस, तरी सांगणार. पण ते ऐकताना तू त्याच्याजवळ असावीस, असं मला वाटतं. येशील की नाही, ते गुरुवार, १८ डिसेंबरपर्यंत कळव.

तुझीच,
अर्पिता