सातवा भाग कुणी वाचायचा

तीर्थस्वरूप मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते, आणि ते डोकं गेला महिनाभर ठिकाणावर नाही हेही तिथंच सांगून टाकते. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? दादा वेळेवर घरी येतो का, की लग्न झाल्यावरही त्याचं ऑफिस तसंच लांबतंय? आणि मुख्य म्हणजे डोळे? अक्षरं अजून नाचतात का? इकडे मी ठणठणीत आहे. जेवते, झोपते, दुकानात जाते, माणसांना चष्मे लावते आणि परत येते. काळजी करण्यासारखं काही नाही, पण केलीस तर मला बरं वाटेल.

हे पत्र तुला वहिनी वाचून दाखवणार, हे उघड आहे. तेव्हा आधी वहिनींना एक नम्र विनंती. कंसात जे लिहीन ते मोठ्यानं वाचायचं नाही. मनातल्या मनात वाचायचं आणि पुढे सरकायचं. (वहिनी, हे तुमच्यासाठी. मावशीच्या तोंडाकडे बघू नका, वाचत राहा.) मावशी, त्या मध्येच थांबल्या तर त्यांना ठसका लागलाय असं समज आणि पाणी दे.

तर प्रकाशकांची आगामी पुस्तकांची यादी परवा आली. चार वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की यादी आली आणि तासाभरात तुझा फोन आला नाही. मी दुपारचा डबासुद्धा एका हातानं खाल्ला, दुसऱ्या हातात फोन. मग म्हटलं, असेल कामात. आता घरात माणसं वाढलीत, सहा महिन्यांपूर्वी सून आलीय, तीही एवढी गुणी, की बसस्थानकावर घोषणा करते आणि आवाज म्हणजे खडीसाखर. (आवाज चांगला आहे, मी नाही कुठे म्हणते? पण तुम्ही प्रेमाची कबुली वाचता तेव्हा असं वाटतं की नायक आता फलाट क्रमांक चारवरून सुटणार आहे.) म्हटलं, मावशीला फुरसत नाही तर आपणच पत्रानं कळवावं, कोणतं पुस्तक घ्यायचं आणि कोणतं लांबूनच नमस्कार करून सोडायचं.

यादीत पहिलं आहे ‘उसना नवरा’. नायिका चष्म्याच्या दुकानात काम करते! मी धावत जाऊन मालकांना ती ओळ दाखवली. त्यांनी विचारलं, आपल्या दुकानाचं नाव छापलंय का? नाही म्हटल्यावर त्यांचा साहित्यातला रस संपला. माझा मात्र तिळपापड झाला. अठरा वर्षं मी लोकांच्या नाकांची मापं घेतेय. माझ्या काउंटरसमोर उसना तर सोडच, चौकशीपुरतासुद्धा कुणी नवरा उभा राहिला नाही, आणि ही कालची पोर पहिल्याच प्रकरणात कारखानदाराची बायको व्हायला निघाली. शिवाय मुखपृष्ठावर तिच्या डोळ्यांवर चष्मा दाखवलाय. म्हणजे तिसऱ्या प्रकरणात ती तो काढणार आणि सगळे थक्क होऊन बघत राहणार. मावशी, मी रोज बघते ना गं. मायनस सहा नंबरवाली बाई चष्मा काढल्यावर सुंदर दिसायला लागत नाही, ती दारावर आपटते. हे पुस्तक वहिनींनीच तुला वाचून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. (घ्या, दिलं तुम्हाला. पाचशे वीस पानं आहेत. घसा सांभाळा.)

दुसरं ‘दुसऱ्यांदा पहिली भेट’. या बाईंच्या आधीच्या चारही पुस्तकांत नायकाची स्मृती गेली होती. दोनदा घोड्यावरून पडून, एकदा जिन्यावरून आणि एकदा नुसतीच. या वेळी नायिकेचीही जाणार असं यादीतच छापलंय. म्हणजे त्याला ती आठवत नाही, तिला तो आठवत नाही आणि लेखिकेला आपलं मागचं पुस्तक आठवत नाही. हेही वहिनींनाच शोभेल. तिसरं ‘शल्यविशारदाची सुट्टी’. त्यातला डॉक्टर रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला समुद्रावर हजर! आपल्याला आजवर एक तरी डॉक्टर सांगितलेल्या वेळेला भेटलाय का? पण असू दे, वहिनींना आवडेल, त्यांच्याकडे वेळापत्रकाला महत्त्व असतं. बघ, तिन्ही पुस्तकं मी त्यांना देऊन टाकली, माझं मन काही लहान नाही.

आता चौथं. मावशी, चौदा तारखेला सातवा भाग येतोय. ‘शेवटची कमान’. आपला होडीवाला आणि आपली पूल बांधणारी इंजिनीयर. पूल झाला की होडी बंद, होडी बंद झाली की तो गाव सोडून जाणार, म्हणून सहा भाग झाले तरी ती बाई पूल पुरा करत नाही. कधी सिमेंट येत नाही, कधी नदी चढते, कधी तीच रात्रीत नकाशे बदलते. हे सहाही भाग मी तुला फोनवर वाचून दाखवलेत. दर रविवारी चार वाजता. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधीपासून, तुला समोरचं माणूस धूसर दिसायचं तेव्हापासून. लोकांनी मला लग्नांना बोलावलं, मी साडेतीनलाच निघून आले. एकदा ताप होता तेव्हाही चाळीस पानं वाचली आणि होडीवाला त्या दिवशी घोगऱ्या आवाजात बोलला, तर तू म्हणालीस, आज तो फार खरा वाटला. (वहिनी, सातवा भाग मी वाचणार आहे. बाकी सगळं पत्र म्हणजे इथवर यायचा वळसा होता. आता कळलं असेलच.)

गेल्या महिन्यातला तो रविवार तुला आठवतो का? नसेल आठवत, कारण तुला माहीतच नाही. चारला तुझा फोन आला. आमच्या घरात आवाज नीट पोचत नाही म्हणून मी नेहमी जिन्यात बसते, तशी बसले होते. तू म्हणालीस, आज जरा डोकं दुखतंय, राहू दे. मी म्हटलं, बाम लाव, पडून राहा. तू हो म्हणालीस आणि फोन बंद करायचा विसरलीस. आणि मग मला खडीसाखर ऐकू आली. प्रकरण बारावे! मावशी, मी फोन ठेवायला हवा होता, कुणीही सभ्य माणसानं ठेवला असता. मी चाळीस मिनिटं ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या नळवाल्याला जाता-येता माझ्यावरून पाय टाकून जावं लागलं, दुसऱ्यांदा त्यानं विचारलं, ताई, घरात काही वाईट बातमी आहे का? मी हो म्हटलं. (तुम्ही पत्र सापडण्याचा प्रसंग चांगला वाचलात. हे लिहिताना माझा हात दुखतोय. नायकाच्या आजीचा आवाज तर असा काढलात की मला क्षणभर माझीच आजी आठवली. कुठे शिकलात?) मग मावशी, तू ‘अगंबाई!’ म्हणालीस. तेच अगंबाई, शेवटचा हेल वर नेणारं, जे मला वाटत होतं की तू फक्त माझ्यासाठी म्हणतेस. तिथंच माझ्या फोनची बॅटरी संपली, आणि मी आणखी दहा मिनिटं तो बंद फोन कानाला धरून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी आवाज कमवायला घेतला. वहिनींचा घोषणांचा सराव आहे, मग आपणही मागे का राहावं? दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी काचा पुसता पुसता होडीवाल्याची वाक्यं म्हणायची, पोटातून, सावकाश. मंगळवारी एक सेवानिवृत्त न्यायाधीश आले. त्यांचा चष्मा काढून घेतला, नवी फ्रेम शोधायला खालच्या खणात वाकले आणि सवयीनं तोंडून निघून गेलं, तेही घोगऱ्या आवाजात, ‘तुझ्याशिवाय मला काहीच दिसत नाही.’ वर बघते तर न्यायाधीश शांतपणे म्हणाले, ‘मलाही नाही. चष्मा द्या.’ मालकांनी मला तीन दिवस मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. तिथं यंत्राचा आवाज इतका की सराव झालाच नाही. वर मालकांचा समज असा झालाय की माझं न्यायाधीशांवर मन बसलंय, आणि ते माझ्याशी फार जपून बोलायला लागलेत.

तर सांगायचा मुद्दा एवढाच की माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. वहिनी वाचतात ही आनंदाची गोष्ट आहे, घरच्या घरी सोय झाली, फोनमध्ये खरखर नाही, मध्येच कुणी जिना उतरत नाही. मी एकटं माणूस, मला रविवारी चार वाजता दुसरी कितीतरी कामं निघतील. (एकही नाही. गेल्या रविवारी चार वाजता मी कपाट आवरलं, सव्वाचारला आवरून झालं. वहिनी, तुला हा आवाज दिवसभर अख्ख्या बसस्थानकाला ऐकवायला मिळतो गं. मला आठवड्यातून एक तास एक माणूस ऐकत होतं. तुम्हीवरून तूवर आले, रागावू नकोस, तू माझ्याहून लहानच आहेस.)

आता लांबण लावत नाही. सगळ्यांना यथायोग्य कळव. दादाला सांग, तुझ्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पुन्हा ढिला झाला असेल तर पाठवून दे. वहिनींना आशीर्वाद, आणि पत्र वाचून दाखवल्याबद्दल आभार.

तुझी, कुणावरही न जळणारी,
भाची

ता. क. सातवा भाग कुणी वाचायचा हे तू ठरव. मी आग्रह करणार नाही. सहज कळावं म्हणून सांगते, पुस्तकवाल्याच्या आगाऊ नोंदीच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. दुसरंही माझंच आहे, पहिलं गहाळ झालं तर असावं म्हणून.

ता. ता. क. (वहिनी, हा पूर्ण ताजा कलम तुझा. यादीतलं काहीही माग, पुढच्या वर्षीची यादीसुद्धा तुझी. तेवढा एक भाग सोड. सोडलास तर तुझा चष्मा मी जन्मभर स्वतः बसवून देईन. तुला चष्मा लागत नसेल तर चाळिशीनंतर लागेल, मी थांबेन.)

सर्वांत शेवटचा ता. क. मावशी, हा वेगळा कागद फक्त तुला, पाकीट चिकटवायच्या आधी काढून ठेव.

टपाल तुमच्याकडे दुपारी बाराला येतं आणि वहिनी सहाला घरी येतात. म्हणजे हे तू एकटीच वाचत्येस, स्वतःच्या डोळ्यांनी, कंसांसकट, आणि बहुतेक दुसऱ्यांदा. संध्याकाळी पाकीट नीट चिकटवून तिच्या हातात देशील आणि म्हणशील, बघ गं कुणाचं आलंय. ती कंस गाळते की नाही हे मला जरूर कळव.

गेल्या वर्षी तू काडी बसवायला चष्मा पाठवलास ना, तो मी केलेला, ज्याचा तुला ‘काडीचा उपयोग नाही’ असं तू म्हणतेस, तो नव्हता. घाईत चुकून दुसराच पाठवलास. मी यंत्राखाली धरून पाहिला. वाचायचा नंबर, बिनचूक, नवाकोरा, आणि केलाय दुसऱ्या दुकानात! भाची अठरा वर्षं या धंद्यात असताना दुसऱ्या दुकानात! त्या दुकानावर मी आठ दिवस जळत होते. मग पेटीच्या तळाशी तुझ्या अक्षरातली खुणेची चिठ्ठी सापडली: ‘भाग पाच, पान १८२. इथे ती खोटं बोलते. लक्ष ठेवणे.’ आपण फोनवर तेव्हा नव्वदाव्या पानावर होतो. महिन्याभरानं मी एकशे ब्याऐंशीवर पोचले, तेव्हा तू अशी दचकलीस की तुझ्या हातातली वाटी पडल्याचा आवाज मला इकडे आला.

मी काही बोलले नाही. चष्म्याची धडच असलेली काडी उगाच घट्ट केली, चिठ्ठी होती तिथं ठेवली आणि परत पाठवला. कारण चिठ्ठी सापडली त्याच दिवशी मला कळलं की तू पुस्तकासाठी फोन करत नाहीस. डोळ्यांसाठी करत असतीस तर तुला कुणीही वाचून दाखवलं असतं तरी मला चाललं असतं, वहिनीनं तर खुशाल. डोळे ठीक आहेत, म्हणून तर पोटात दुखतंय.

वहिनीकडूनही वाचून घे. नवीन आहे, तिलाही त्या घरात कुणीतरी ऐकायला हवंच असणार. पण चौदा तारखेनंतरचा पहिला रविवार, चार वाजता, मी जिन्यात बसते. फोन कर. दिसत नाही म्हण. मी वाचते.