वर्षावासातली येझदी

विहार, ता. जुन्नर
६ जुलै २०२५

ती. बाबांस,
आकाशचा सविनय जयभीम. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. शिबिराच्या पहिल्या दिवशी फोन जमा केला तो अजून कार्यालयाच्या कपाटातच आहे, म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुम्हाला लागेल की नाही याची शंकाच आहे. कॉलेज सुटल्यापासून एवढं सलग हाताने लिहिलेलं नाही.

मे महिन्यात दहा दिवसांपुरतं भिक्खू होण्याच्या श्रामणेर शिबिराला येताना तुम्ही हसत हसत परवानगी दिली होती. आईला जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पोराचं मन जरा रमेल, असं तुम्ही सपनाताईला म्हणाला होतात. मन रमलं बाबा, जरा जास्तच रमलं. आता येत्या पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पावसाचे महिने भिक्खूंनी प्रवास करायचा नाही, एकाच जागी राहून अभ्यास करायचा, असा नियम आहे. मीही गुरुभन्तेंबरोबर इथेच राहणार आहे.

आता मुख्य गोष्ट लिहितो. वर्षावास संपला की आश्विन पौर्णिमेला मला उपसंपदा घ्यायची आहे. म्हणजे कायमचा भिक्खू व्हायचं आहे, घरी परत यायचं नाही. आईवडिलांची परवानगी असल्याशिवाय उपसंपदा देत नाहीत. आई नाही, तेव्हा ती तुम्हीच द्यायची आहे. हे समोर बसून सांगायची माझी हिंमत झाली नसती. मालाडच्या ऑफिसला राजीनामा पाठवला आहे.

रागावू नका. गुडघ्याला तेल लावत जा. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलो आहे.

तुमचा,
आकाश


चारकोप, कांदिवली (प.)
१६ जुलै २०२५

चि. आकाश यास,
बाबांचा जयभीम आणि घरभर उरलेले सगळे आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर लागलं. एवढ्या वाईट अक्षराचा माणूस डॉक्टर कसा झाला नाही याचं नवल वाटतं.

इकडची ताजी खबर म्हणजे मी आपली जुनी येझदी मोटारसायकल बाहेर काढली. दारातल्या निळ्या ताडपत्रीखाली पडून पडून तिची पार वाट लागली होती. टाकी आतून गंजलेली. मूठभर नट आणि डिझेल घालून टाकी जोरजोरात हलवली, तर लाल पाणी निघालं. शेजारच्या रत्नप्रभाबाईंना वाटलं, म्हातारा लेझीम खेळायला लागला. कार्बोरेटर खोलून थाळीत ठेवलाय. पिस्टनच्या रिंगा कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे सांगितल्या आहेत. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीस-पस्तीस वर्षं लेथवर काढली, तेव्हा बुश वगैरे तर मीच करून घेईन. जुन्या वर्कशॉपमध्ये अजून ओळख आहे.

डोक्याचा गोटा केलास असं सपना म्हणाली. लहानपणी केस कापायला नेलं की खुर्चीतून पळणारा तू. सलूनवाल्या चंद्रप्रकाशला सांगितलं, तर त्याने गिऱ्हाईक सोडून आधी मला खुर्ची दिली.

तर बेत असा आहे. सध्या माळशेज घाटात रोज दरड कोसळते, धुक्यात पुढचं चाक दिसत नाही म्हणतात. पाऊस ओसरला, रस्ता कोरडा झाला, की मी येझदी घेऊन तुला न्यायला येतो. तू लिहिलेल्या बाकीच्या गोष्टींवर सवडीने लिहीन. आत्ता हात ग्रीसने भरलेत, कागद खराब होतोय.

लोभ आहेच, तो तिकडे पावसात भिजवू नकोस.

बाबा


विहार, ता. जुन्नर
१ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

पत्र वाचून हसलो, आणि मग पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. न्यायला येतो असं तुम्ही लिहिलंत. बाबा, मी परत यायचं नाही असं लिहिलं होतं. ती ओळ तुम्ही वाचली आहे, मला माहीत आहे.

गाडीचं ऐकून मात्र बरं वाटलं. लहानपणी चौदा एप्रिलला तुम्ही मला टाकीवर बसवायचात, मागे सपनाताई, तिच्या मागे आई. खालून टाकी गरम लागायची आणि मी उतरायचं नाव घ्यायचो नाही. प्लगला ठिणगी देणारे तुमचे ते पॉइंट नेहमी काळे पडायचे, ते आधी घासून बघा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नका, इतक्या वर्षांत सवय मोडली असेल.

पौर्णिमेला तुम्ही यावं असं मलाही फार वाटतं. पण याल तेव्हा परवानगी घेऊन या. गुरुभन्ते सगळ्यांसमोर तुम्हाला विचारतील.

इथे मला करुणाशील हे नाव मिळालं आहे. तुम्हाला ते जड वाटेल, म्हणून खाली दोन्ही लिहितो.

श्रामणेर करुणाशील
(तुमचा आकाश)


चारकोप
१३ ऑगस्ट २०२५

चि. आकाश यास,
जयभीम व आशीर्वाद.

काल येझदी सुरू झाली. पाऊस थोडा उघडला होता. तुझ्या म्हणण्याप्रमाणे पॉइंट घासले, नवा प्लग टाकला. किक मारून मारून गुडघा सुजला आणि मग एकदम दोन्ही सायलेन्सर बोलले. आख्खी गल्ली जमली. किकची दांडी पुढे ढकलली की तीच गिअरची दांडी होते, हे आताच्या मुलांना ठाऊकच नाही, ती आ वासून बघत होती. सेक्टरला एक चक्कर मारली. झकास पळते. तुझी आई असती तर धुराने कपडे काळे झाले म्हणून ओरडली असती.

घरी येऊन तिच्या फोटोला सांगायला गेलो आणि तिथेच खाली बसलो.

आता तुझ्या गोष्टीवर लिहितो. मी नाही म्हटलं तर काय होईल? मी वाईट बाप ठरेन? बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो घरात बायकापोरांत राहून पाळता येत नाही का? मी पाळला. तुझ्या आईने पाळला, शेवटच्या दिवसापर्यंत सकाळी वंदना म्हणून मगच तिने औषध घेतलं. ती गेली तेव्हा मला वाटलं, पोरगा आहे. रात्री तुझ्या खोलीतला पंखा चालू असायचा, तो ऐकत मला झोप लागायची. आता तो मी स्वतः जाऊन लावतो.

जास्त लिहीत नाही. कोणी मोठा माणूस लिहितो तसं छान लिहायला मला येत नाही.

बाबा


मुलुंड (पू.)
८ सप्टेंबर २०२५

आक्या,
जयभीम. मी तुला भन्ते-बिन्ते म्हणणार नाही, तुझ्या गुरुभन्तेंनी वाचलं तर वाचू दे.

बाबांचं पत्र बऱ्याच दिवसांत आलं नाही असं तू मला लिहिलंस, म्हणून खरं काय ते सांगते. त्यांनी गाडी पुन्हा खोलली. तुला शेवटचं पत्र टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चारकोपच्या विहारात गेले. बापाने नाही म्हटलं तर काय होतं, हे त्यांना विचारायचं होतं. तिथल्या भन्तेंनी सांगितलं, परवानगी नसेल तर उपसंपदा नाही, संघ कोणाला तसा घेत नाही. आणखी एक सांगितलं. मुलगा भिक्खू झाला की आईवडिलांनीही त्याला वंदन करायचं असतं. बाबा घरी आले आणि चांगलं चालतं इंजिन त्यांनी सुटं केलं. दर रविवारी मी जाते तेव्हा पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडलेले असतात. ते पुसतात, परत मांडतात. कोणी विचारलं तर गॅसकेट मिळत नाही म्हणतात. गॅसकेट आईच्या कपाटात साड्यांच्या वर ठेवलेलं आहे, मी स्वतः पाहिलं.

म्हणजे बघ, परवानगीशिवाय तुझं काही होणार नाही, आणि गाडी जोडल्याशिवाय ते निघणार नाहीत. एसटी असते, माझ्या नवऱ्याची गाडी आहे, पण ते नाव काढू देत नाहीत.

मला तुझा खूप राग येतो रे. तुला सोडून जायचं होतं तर सरळ जायचं होतंस. त्यांच्याच तोंडून हो कशाला वदवून घेतोस? मागच्या रविवारी जेवताना त्यांनी मला विचारलं, वाकलो आणि उठता आलं नाही तर लोक हसतील का. मी ताट तसंच ठेवून मोरीत जाऊन रडले.

ये असं मी म्हणत नाही. तू आईच्या आजारपणात काय काय केलंस ते मी पाहिलंय, तू मनापासून करतोस हेही मला कळतं. पण त्यांना काहीतरी लिही. नियम सोडून काहीतरी लिही.

तुझी,
सपनाताई


विहार, ता. जुन्नर
१९ सप्टेंबर २०२५

बाबा,

ताईने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

आई गेल्यावर तुम्ही माझ्यासाठी हसायचात आणि मी तुमच्यासाठी. दोघंही जेवायचो, टीव्ही लावायचो, आणि कोणी काही बोलायचं नाही. ऑफिसात कॉल घेताना मधेच मला माणसाचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. इथे आल्यावर मी पहिल्यांदा तिच्यासाठी मोकळा रडलो आणि मग शांत बसता आलं. मी तुमच्यापासून पळालो नाही बाबा. मला जे इथे मिळालं ते सोडून मी घरी आलो, तर तुमच्यासमोर पुन्हा हसत बसेन.

तरी तुम्ही नाही म्हणालात तर मी येईन. मनात काही न ठेवता येईन, हा माझा शब्द. आता मी पुन्हा विचारणार नाही. पत्राने उत्तरही देऊ नका. पौर्णिमेला तुम्ही आलात तर ती परवानगी समजेन. नाही आलात तर दुसऱ्या दिवशी मीच चीवर उतरवून घरी निघेन. पावसात किंवा बिघडलेल्या गाडीवर मात्र निघू नका.

वंदनाची काळजी करू नका. तुम्ही नुसते मागे उभे राहिलात तरी चालेल.

आकाश


चारकोप
९ ऑक्टोबर २०२५

पूज्य भन्ते करुणाशील यांस,
उपासक शिवदासचं त्रिवार वंदन.

वरच्या दोन ओळी लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली. या एका पत्रापुरतं तुला आकाश म्हणतो. चुकत असेल तर मनातल्या मनात दुरुस्त करून घे.

आकाश, मी घरी नीट पोचलो. तिथे गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी इंजिन जोडायला घेतलं. नुसतं तसंच कागदावर पडू दिलं असतं, तर तू घरी आला असतास, हे मला कळत होतं. एकेक नट आवळताना वाटायचं, शिवदास, पुरे कर, इथेच थांब. पाऊसही थांबेना. एरवी मी त्याला शिव्या घालतो, या वेळी म्हणत होतो, पड बाबा, अजून पड. पण मग तू टीव्हीसमोर हसत बसलेला आठवायचास. ते हसू खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलं, रस्ते वाळले, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

विहारात सगळी डोकी सारखी, सगळी चीवरं सारखी. पोटच्या पोराला मी ओळखेना. मग तू चालायला लागलास तेव्हा ओळखलं, डावा पाय तू अजून बाहेर टाकतोस. गुरुभन्तेंनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. एका जन्मात ते मला दोनदा म्हणावं लागलं. तुझ्या आईच्या, शकूच्या वतीनेही मीच म्हणालो. ती असती तर बहुतेक तुझा कान धरून तुला घेऊन आली असती.

मागे उभं राहिलं तरी चालेल असं तू लिहिलं होतंस. मी मागे उभा राहणार नव्हतो. वाकताना गुडघा अडकला. तेव्हा तुझा हात पुढे आला आणि तू तो पटकन चीवरात मागे घेतलास. बरोबरच केलंस, तू आता भिक्खू आहेस. लोक हसले नाहीत. कोणीतरी मला खांद्याला धरून उठवलं. पण तो तुझा अर्धा पुढे आलेला हात मी पाहिला, आणि मी आता त्याच्यावरच दिवस काढतोय.

अजून एक सांगायचं राहिलं. परवानगी द्यायची हे मी ठरवूनच निघालो होतो. कोणाच्या सांगण्यावरून नाही, मनापासून. तरीही पहाटे निघताना तुझं हेल्मेट काढलं, पुसलं आणि मागच्या सीटला बांधलं. का ते मला विचारू नकोस. तुला दिसू नये म्हणून गाडी विहाराच्या फाटकापासून लांब लावली होती.

परत येताना घाट उतरून टोकावड्याला चहाला थांबलो. चहावाल्याने दोन हेल्मेट पाहिली आणि विचारलं, दुसरा माणूस कुठे राहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, मागून येतोय. त्याने दोन चहा आणून ठेवले. मग दोन्ही मीच प्यालो.

लोभ ठेवायला नियम आड येत नसेल, तर तो ठेवावा.

आपला उपासक,
शिवदास