‘एर्ते’ सूर्यफुलाची आणि माझ्या घराची व्यवस्था

लिहून ठेवतो मी, खैरोल्ला बेइसेनउलू, वय वर्षे शहात्तर, राहणार कराओझेक, ओस्केमेनच्या अलीकडे, पूर्व कझाकस्तान. पूर्वीचा धंदा सूर्यफुलाच्या वाणांचे संशोधन, सध्याचा धंदा खोकणे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांची तक्रार फुप्फुसाबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने वा दडपणाने करत नाही. आग्रह आहे तो फक्त नोटरीबाईंचा, की मुद्द्याला धरून लिहा. प्रयत्न करतो.

कलम एक. माझे वारस दोन. मुलगी बायान, जी शहरातल्या एका तेलगिरणीसाठी बी खरेदी करते. आणि सून झेरे, माझ्या धाकट्या एरदेनची बायको. नदीवरचा बर्फ फुटून एरदेन ट्रकसकट गेला. माझी पत्नी शारिपा त्याच्या आधीच गेली होती, ते एक बरे झाले. आमच्यात बापाचे घर धाकट्या मुलाचे असते. धाकटा नाही म्हणून घर बायानने मागू नये. तिने मागितलेलेही नाही, हे तिच्या बाजूने नमूद करतो.

कलम दोन. रस्त्याकडच्या जमिनीचा भाडेपट्टा, ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्र बायानला. तिथे ती कंपनीचे संकरित बी पेरते आणि पेरत राहील. माझा सल्ला मात्र वारशातच धरावा. सगळ्या रानात सूर्यफूल करू नये. मध्ये गहू घ्यावा, नाहीतर मुळांवर बंबाखू, म्हणजे पिकाचा रस शोषणारे तण, बसेल, आणि तो गिरणीला विचारून येत नाही. कापणी सगळ्यांची एकदम येते, वाळवणीयंत्रे थोडी, ओले बी साठवता येत नाही, म्हणून शरदात गिरणी म्हणेल तो भाव. कच्च्या बीवर निर्यातशुल्क बसल्यापासून सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकानेही हात आखडला आहे. पुढे गिरण्या वाढतील. म्हणून शेतकऱ्याचा भाव वाढेल असे समजू नये. बायान गिरणीच्या बाजूने बोलते, पण जमीन स्वतःच्या नावावर आली की तिला दुसरी बाजूही कळेल.

तिच्याशी माझा जुना वाद आहे तोही इथेच मिटवतो. मी ज्या वाणावर आयुष्य घातले त्याचे नाव ‘एर्ते’, म्हणजे लवकर येणारा. बर्फ पडायच्या आत पिकतो, दुष्काळात उभा राहतो, मधमाश्या त्याच्यावर तुटून पडतात. पीक मात्र संकरितापेक्षा कमी, तेलही कमी. मध्यंतरी एकदा हिम फार लवकर आले. बायानचे सूर्यफूल माना टाकून बर्फात उभे होते आणि माझे केव्हाच कोठारात होते. मला हसू आवरेना.

ती म्हणाली, “हसा बाबा, मनसोक्त हसा. पण एका वर्षाच्या बर्फासाठी बाकीची सगळी वर्षं कमी पीक घ्यायचं का?”

“चव बघ एकदा.”

“चव आहेच हो. पण गिरणी चव विकत घेत नाही ना!”

तिचा हिशेब चूक नव्हता. मला वाईट वाटते ते त्याचेच. चूक असता तर मी भांडलो असतो.

कलम तीन. माझी दुर्बीण शेजारी काबदेन याला. हिच्यातूनच मी दर उन्हाळ्यात त्याच्या रानावर पाळत ठेवली. एर्तेच्या आसपास दुसरे सूर्यफूल फुलले तर माश्या त्याचा पराग आणतात आणि वाण बाटतो. हे शंभरदा सांगूनही काबदेन तोंडात टाकायचे पट्टेरी बी डोंगराच्या अंगाला लावायचाच. जाब विचारला की म्हणायचा, “अरे खैरोल्ला, तुझा बांध मला कळतो, माशीला कुठे कळतो? तिलाच जाऊन सांग!” एका साली मी त्याची फुले उमलायच्या आत कापून टाकली. त्याने सहा महिने सलाम केला नाही आणि मग स्वतःहून दारात मेंढीची मांडी ठेवून गेला. दुर्बीण त्याने आता पक्षी बघायला वापरावी.

कलम चार. घर, गाय, अंगणातले कोठार आणि डोंगरांनी तीन बाजूंनी झाकलेले वरचे खोरे झेरेला. सोबत एर्तेचे राखीव बी. अट अशी, की तिने दरवर्षी खोऱ्यात एर्तेची निवड-पेरणी चालू ठेवावी. पेरणी थांबल्यास घर व खोरे बायानकडे जावे.

राखीव म्हणजे काय, हे परक्या वाचकासाठी लिहितो. चांगल्या फुलाचे बी आम्ही दोन भागांत वाटतो. अर्धे पेरून त्याची परीक्षा घ्यायची, अर्धे पिशवीत राखायचे. परीक्षेत जे फूल उतरले त्याचेच राखलेले अर्धे पुढच्या वर्षी एकत्र पेरायचे. सगळा वाण त्या पिशवीत असतो. हिवाळाभर ज्या घरात बी फोडल्याशिवाय गप्पा होत नाहीत, तिथे मी त्या पिशवीला कोणाला हात लावू दिला नाही. पाहुणे माझ्या घरी विकतचे बी खात.

कलम पाच. वरील चारही कलमे काल लिहिली. दुपारी झेरे दूध घातलेला चहा घेऊन आली आणि उभ्याउभ्या कागद वाचला.

मी विचारले, “अट जड वाटते का पोरी?”

“जड कसली? अट नसती तरी मी हेच केलं असतं.”

“आणि सेरझान?” खालच्या मैदानातल्या शेमोनाइखा गावचा पशुवैद्य सेरझान तिला मागणी घालून गेला आहे, एकदा नव्हे, दोनदा. माणूस भला आहे. आमच्या गाईला त्याने वाचवले, आणि पैशांऐवजी झेरेच्या हातचे बौर्साक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, मागितले.

“त्यांना नाही म्हणून कळवलंय.”

“का?”

“तिकडे क्षितिजापर्यंत संकरित सूर्यफूल, बाबा. तिथे एर्तेला जागा कुठली? इथे बी आहे तोवर मी कुठे जाणार?”

“मनात काय आहे तुझ्या?”

तिने बशीत सांडलेला चहा पुसला. “मनाचं काय घेऊन बसलात? चहा गार होतोय,” म्हणाली आणि कोठाराकडे निघून गेली. खिडकीतून दिसले, की ती दाराला टेकून रडते आहे. एरदेन गेला तेव्हा ती माझ्यादेखत रडली होती. या वेळी ती माझ्यापासून लपून रडत होती.

पस्तिशीतली बाई. मी तिला एका पिशवीला बांधून चाललो होतो.

आज सकाळी मी संशोधन केंद्राला फोन लावला. तरुण संचालक अदबीने बोलले. म्हणाले, “काका, शीतगृहात ठेवू हो, पण ठराविक वर्षांनी पुन्हा पेरून ताजं करावं लागतं, वेगळ्या रानात. ते करायला माणूस कुठून आणू?” काबदेनचे गुडघे गेले आहेत. बायानला मी विचारले नाही. तिला नाही म्हणायला लावणे बरे नव्हे.

कलम सहा. सबब कलम चारमधील अट मी रद्द करतो. घर व खोरे झेरेला विनाअट. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे वा कुलूप लावावे. सेरझानने तिसऱ्यांदा मागणी घालावी, असे काबदेनने त्याला कळवावे. ती होय म्हणाल्यास बायानने मुलीची पाठवणी करावी तशी तिची पाठवणी करावी.

आणि राखीव बी माझ्या चाळिसाव्याला, म्हणजे मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी लोक जेवायला जमतील तेव्हा, भाजावे. सगळे. पेरणीचे उरलेले बीही त्यातच मिसळावे. मी असतानाच हे का करत नाही, असे कोणी विचारेल. माझ्या हातून होत नाही. काल पिशवी उचलली आणि परत ठेवली.

भाजण्याचे काम बायानने करावे. मिठाचे पाणी शिंपडून, जाड लोखंडी कढईत, मंद आचेवर, हात न थांबवता. एर्तेचे साल पातळ आहे, पटकन करपते. आधी मुलांना द्यावे, मग म्हाताऱ्यांना. काबदेनला दोन मुठी द्याव्यात. खाताना कोणी माझ्याबद्दल भले बोलण्याची गरज नाही. चव कशी आहे तेवढे बोलावे.

कढई उतरेपर्यंत झेरेला कोठारात जाऊ देऊ नये. ती मूठभर बी बाजूला काढेल, मी तिला ओळखतो. घरातून निघताना तिचे खिसे पाहावेत, कोटाचे अस्तरही चाचपावे. बी सापडले तर रागावू नये. तिच्याच तळहातावर ठेवावे आणि ती फोडून खाईपर्यंत तिच्याजवळ बसावे.

इतके लिहून हात थांबवतो. नोटरीबाईंनी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. ऐकले, पटले, एकही शब्द बदलला नाही.

सही: खैरोल्ला बेइसेनउलू

साक्षीदार:
१. तमारा ग्रिगोर्येव्ना, निवृत्त शिक्षिका. (मृत्युपत्रकर्ता शुद्धीत होता. सही करताना रडत होता, तेही शुद्धीतच.)
२. मुकान सातिबाल्दीउलू, ट्रॅक्टरचालक

स्थळ: कराओझेक
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५