बोल्ट अजून जरा जड आहे

२ ऑगस्ट २००९, रविवार. सकाळी ७.

रायफल काल घरी आली. चार वर्षांच्या पत्रव्यवहाराचं फळ. शेती-संरक्षणाचा परवाना, वनखात्याचं पत्र, दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स. फाइल अशी लावली आहे की माझ्या जुन्या ऑफिसात शिकवायला ठेवावी.

आजपासून ही डायरी. विषय एकच: रानडुक्कर. आपल्या शेतात तीन महिन्यांपासून एक मोठं धूड एकटंच येतं. कळपातलं नाही. श्रावण (आपला सालदार, वडिलांच्या वेळचा) दिवसा शेत करतो आणि रात्री टॉर्च आणि टिनाचा डबा घेऊन जागल करतो. बाकीची डुकरं डबा वाजला की पळतात. हे पळत नाही म्हणे. उभं राहतं आणि बघतं.

चहाच्या टपरीवर सर्वांसमक्ष जाहीर केलं: पोळ्याच्या आत काम तमाम. श्रावण तिथंच होता. म्हणाला, साहेब, मंग मले आता काई भेव नाही.

एकच बारीकशी गोष्ट. रायफलचा बोल्ट जड आहे. हँडल वर उचलायचं, मागे ओढायचं, पुढे ढकलायचं, खाली दाबायचं. चारही वेळा तळहाताने ठोकावं लागतं. नवी वस्तू. दोन दिवसांचं काम.

४ ऑगस्ट.

रामसिंग मोटर मेकॅनिकला बोल्ट दाखवला. त्याने बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाला, साब, ये तो पॅकिंग का ग्रीस है, रॉकेलनं धुवा अन् दोनशे वेळा उघडझाप करा, सुटते.

ट्रक दुरुस्त करणाऱ्याला प्रिसिजन काय कळणार. त्याच्याकडून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तेवढी आणली. त्याने नको म्हटलं, पण मी आग्रह धरला. संकल्प: रोज पहाटे पाच ते सात बोल्ट. नंतर प्राणायाम.

७ ऑगस्ट. सकाळी ९.

पहाटे जमलं नाही. साडेआठपासून घासतो आहे. शुभदाची (सौ.) तक्रार: खटाक-खटाक आवाजाने तिचं स्तोत्र चुकतं, उशीच्या अभ्र्याला तेलाचे डाग आहेत, आणि जेवणाच्या टेबलावर हत्यार ठेवू नये. मी सांगितलं, एन.सी.सी.त मी टेबलावरच रायफल साफ करायचो. त्यावर म्हणाली, तुम्हीच तर सांगितलं होतं की कॅम्पात तुम्ही स्टोअरमध्ये होता, ब्लँकेटं द्यायला.

स्टोअर हा कुठल्याही सैन्याचा कणा असतो. बायकांना लॉजिस्टिक्स समजत नाही.

श्रावणचा निरोप: डुक्कर आधी धुऱ्यावर (बांधावर) यायचं, आता विहिरीपर्यंत येतं. सोयाबीनच्या चार ओळी उखडल्या.

१३ ऑगस्ट.

बोल्ट पहिल्यापेक्षा जड झाला. पेस्टचे कण आत बसले असावेत. किंवा हवा दमट आहे. पाऊस नाही, तरी दमट. नोंद करून ठेवतो.

आज स्थळपाहणी. घनश्याम (शेजारचं शेत त्याचं) मोटरसायकलवर घेऊन गेला. रायफल कव्हरमध्ये, काडतुसं घरी. उगाच धोका नको. श्रावणने विहिरीजवळचा कडुनिंब दाखवला. जनावर तिथं अंग घासतं. चिखल बुंध्यावर माझ्या कमरेच्या वर लागलेला. साल सोललेली, दोन खोल चरे. श्रावण त्यात बोट घालून म्हणाला, साहेब, हे दात हाये त्याचे. बोट पेरापर्यंत आत गेलं.

तेवढ्यात मला अॅसिडिटी झाली. सकाळचे पोहे. लगेच परतलो. वाटेत घनश्याम म्हणाला, अनंतराव, बंदूक तर आनली, आता बसता कधी? मी त्याला बोल्ट अॅक्शनचं तत्त्व समजावून सांगितलं. त्याने गाडीचा वेग वाढवला.

२० ऑगस्ट, गुरुवार. पोळा.

ठरलेली तारीख. तांत्रिक कारणाने पुढे ढकलली.

श्रावण बैल सजवून दारात आला. शुभदाने पूजा केली, पुरणपोळी चारली. मी बोजारा (सालदाराची पोळ्याची ओवाळणी) द्यायला पुढे झालो तर त्याने हात मागे घेतला. म्हणाला, साहेब, यंदा बोजारा नोका देऊ, आज रातच्याले तुमी या. तो आता माह्या डब्याले मोजतच नाही. काल मी टॉर्च मारला तर दोन पावलं पुढं आला.

मी त्याला आत बोलावून बोल्ट ओढायला लावला. म्हटलं, तूच सांग, ऐन वेळी हा अडकला तर? त्या बिचाऱ्याने बोल्ट ओढून पाहिला. म्हणाला, हो साहेब, मंग तर तुमच्या जिवाले धोका. आधी हे नीट करा. मी आहो तोवर.

मनाने फार मोठा माणूस. डोळ्यात पाणी आलं, त्याच्या नव्हे, माझ्या. नवा संकल्प: ३० ऑगस्ट. आता हलणार नाही.

बोजारा शुभदाने बळेच दिला.

२५ ऑगस्ट. दुपारी.

कांताबाई आली होती. श्रावणची बायको. आजवर कधी घरात आली नव्हती, दारातूनच बोलायची. आज सरळ बैठकीत येऊन उभी राहिली. काल जनावर शेतातल्या खोपडीपाशी (जागलीची झोपडी) आलं, पाण्याचं मडकं फोडलं, कुडाचा ताटवा फाडला. श्रावण आतल्या बाजेवर उभा राहून डबा वाजवत होता. सांगताना तिचा आवाज चढला नाही, तेच मला विचित्र वाटलं.

मी तिला रायफल दाखवून अडचण समजावली. तिने बोल्टवर बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाली, नव्या इळ्याले असंच चिकट असते, साहेब. आमी रॉकेलनं धुतो. तुमी कायले घासून राह्यले?

शुभदा स्वयंपाकघरात गेली. हसली असावी.

जाताना कांताबाई म्हणाली, माह्या मान्साले तुमच्यावर भरवसा हाये. मले नाही. पन त्याले आहे म्हनून तो तिथं झोपते, नाही तर कवाचा घरी आला असता.

हे मला लागलं. लिहून ठेवतो: लागलं. पण बाईमाणसाने हत्याराबद्दल बोलावं का, हाही प्रश्न आहेच.

२९ ऑगस्ट. शुभदा देवळात.

एक प्रयोग. रेशनचं रॉकेल बशीत घेऊन बोल्ट बुडवला. काळं पाणी सुटलं. पुसला, दोन थेंब तेल, दोनशे वेळा उघडझाप.

सुटला. म्हणजे बराचसा. एका बोटाने नाही, पण दोन बोटांनी. आनंद व्हायला हवा होता. घाम आला.

बराचसा म्हणजे पूर्ण नव्हे, हेही खरं.

३० ऑगस्ट, रविवार.

घनश्याम पाच वाजता मोटरसायकल घेऊन हजर. शुभदाने त्याला बोल्ट सुटल्याचं सांगून टाकलं. तिला कसं कळलं कोण जाणे; बशी धुताना असेल. मला कणकण होती. थर्मामीटर ९८.६. पण माझं नॉर्मल कमी असतं. ठरलं: मंगळवारी नक्की.

१ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.

काल टीव्हीवर विधानसभेची निवडणूक जाहीर. आचारसंहिता लागू. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. आता माझा नाइलाज आहे. कायदा म्हणजे कायदा.

दहा वाजता ठाण्यात पोहोचलो. हवालदार म्हणाला, साहेब, आमाले अजून लेटर नाही, तुमाले नोटीस नाही. अन् तुमची तर शेतीसाठीची आहे. एक अर्ज टाका, सूट भेटते, राहू द्या घरीच. मी म्हटलं, नागरिकाने नोटिशीची वाट पाहू नये. तो म्हणाला, पाहा बुवा, अन् चहा मागवला. रायफल जमा करून पावती घेतली. यादीत माझा नंबर पहिला आहे.

श्रावणला निरोप दिला: सरकारने बंदूक नेली.

हे अगदी शब्दशः खरं नाही. पण सरकारी ठाण्यातच आहे ना ती.

१२ सप्टेंबर.

झोप उत्तम. भूक उत्तम. प्राणायाम सुरू करायचा आहे.

घनश्यामने सूट मागायच्या अर्जाचा छापील फॉर्म आणून दिला. म्हणाला, सही ठोका, मी देऊन येतो. मी असा अर्ज देत नाही. आधी कच्चा मसुदा, मग सुवाच्य प्रत. छत्तीस वर्षं हेडक्लार्की उगाच नाही केली. मसुद्यात 'उपद्रव' लिहावं की 'उपसर्ग', यावर अडलो आहे. श्रावण निरोप पाठवत नाही हल्ली. म्हणजे शांत असावं.

२८ सप्टेंबर, सोमवार. दसरा.

शस्त्रपूजन. शस्त्र ठाण्यात, म्हणून चौरंगावर पावती मांडली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. शुभदा आरतीला आली नाही. मी एकट्याने म्हटली.

संध्याकाळी श्रावण सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात देऊन पाया पडला. फार वाळला आहे. म्हणाला, साहेब, इलेक्शन कवा सरते? मी म्हटलं, तेरा ऑक्टोबरला मतदान, मग निकाल, मग आठवडाभर. त्याने बोटांवर मोजलं. म्हंजे अजून महिना नं, म्हणाला, अन् उठून जागलीला गेला. मसुदा टेबलावरच होता.

२९ सप्टेंबर. सकाळी १०.

पहाटे श्रावण विहिरीवर तोंड धुवायला गेला. कडुनिंबामागून आलं.

मांडी. गुडघ्याच्या वरून पार कमरेपर्यंत. घनश्यामने ट्रॅक्टरवर घालून इथं राळेगावला आणलं, तिथून यवतमाळला सरकारी दवाखान्यात. मी मागून एस.टी.ने जातो आहे.

२९ सप्टेंबर. संध्याकाळी.

वाचेल म्हणतात. डॉक्टर ओरडत होते, एवढं माहीत असून माणसाला तिथं एकटं ठेवलं कुणी? मी खिडकीपाशी होतो. श्रावण शुद्धीवर होता. तोच डॉक्टरांना समजावत होता, आमच्या साहेबाची बंदूक सरकारनं अटकवली जी, नाही तर ते आलेच असते.

मी खिडकीबाहेर पाहिलं. बोलायला हवं होतं. कांताबाई माझ्याकडे पाहत होती.

पावती शर्टाच्या खिशात होती. हळदीचा डाग कापडावर उतरला आहे.

१६ ऑक्टोबर.

लिहायला विषय नाही. 'उपद्रव' बरोबर आहे. कोशात पाहिलं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार.

रायफल परत मिळाली. हवालदाराने माझ्यासमोर करंगळीने बोल्ट उचलला, तो आपोआप मागे सरकला. म्हणाला, साहेब, दोन महिने ठाण्यात बसल्या बसल्या जो येईल तो हेच करत होता, आता पाहा, लोण्यासारखा झाला. मी आभार मानले.

येताना श्रावणकडे गेलो. काठी घेऊन दोन पावलं चालतो. गुडघा वाकत नाही. डॉक्टरांनी रोज दोनशे वेळा वाकवायला सांगितलंय. मला पाहून उठायला लागला. मी बस म्हटलं. त्याने बंदुकीकडे पाहिलं अन् त्याचा चेहरा उजळला. कांताबाईला म्हणाला, पाह्य, म्या सांगतलं नोतं?

कांताबाई टॉर्चमध्ये सेल भरत होती. तूर उभी आहे, सालाची बोली पुरी व्हायची आहे, म्हणून महिन्यापासून जागलीला ती जाते. एकटी. जनावर परवा पुन्हा खोपडीपाशी आलं होतं. ती सेल भरतच राहिली. श्रावणच म्हणाला, साहेब, आज तुमी संगं असान तर मले इथं झोप लागन.

घनश्याम पाचला येतो आहे. शुभदाने काडतुसांचा डबा काढून टेबलावर ठेवला आहे, आणि डबा (भाकरी, ठेचा) वेगळा.

आता साडेचार. रायफल पुन्हा तपासली. बोल्टला काही म्हणजे काही दोष उरलेला नाही.

ट्रिगर मात्र जरा जड वाटतो. आधी कसा लक्षात आला नाही?