गरम कॉइलचं थंड माप

६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ७.१०
आजपासून व्हेप सोडणे. एकदम नाही, एकदम सोडणारे परत धरतात. मी हार्डवेअर इंजिनिअर, शास्त्रीय पद्धतीनेच सोडणार. व्हेपच्या कॉइलची निकेलची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. डिव्हाइस आधी थंड कॉइलचा मोजतं, मग तो किती वाढला त्यावरून तापमान काढतं आणि मर्यादा आली की पॉवर कमी करतं. थंड माप ०.१५ ओहम. मर्यादा २५० अंश. रोज दहा कमी. महिनाअखेरीस वाफच येणार नाही.
मेधाला सांगायची गरज नाही. बायको नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, उगाच घाबरेल. शिवाय या देशात हे बेकायदेशीर, माझा इथे राहून काम करायचा पास जाऊ शकतो. पण सोडतोच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला.

९ ऑक्टोबर
२२० अंश. घसा जळतोय, खोकला. मेधाला म्हटलं, हवेत धूर आहे. तिने खिडकीबाहेर पाहिलं. आकाश निळं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
२०० वर आलो, तरी वाफ दाट. कारण सापडलं. माप कॉइल थंड असताना घ्यायचं. बुधवारी नवी कॉइल बसवल्यावर मी ते दोन झुरके मारून घेतलं. डिव्हाइसने ०.२० लाच थंड मानलं. म्हणजे २०० दाखवतं तेव्हा खरे तीनशेच्या वर. तत्त्व मात्र बरोबर ठरलं. सोमवारपासून नव्याने.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी
घाईत डिव्हाइस बाथरूममध्ये टॉवेलांमागे राहिलं. मेधाला सापडलं. तिने थेट आमच्या पंधरा वर्षांच्या आर्याला विचारलं, "हे तुझं?" आर्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगणारच होतो, पण मेधा रडत होती, अशात आणखी धक्का बरा नव्हे. आर्या म्हणाली, "हो, माझं. सॉरी, आई."
मग मी आर्याला फुप्फुसांबद्दल वीस मिनिटं समजावलं. कुणीतरी समजवायलाच हवं होतं.

१५ ऑक्टोबर
आर्याला एकटं गाठून म्हटलं, योग्य वेळ आली की आईला सांगेन. ती म्हणाली, "नो नीड लाह, बाबा. तुमचा पास कॅन्सल झाला तर सगळ्यांनाच भारतात परत जावं लागेल. मला फक्त ओरडा बसला."
तिचा फोन महिनाभर जप्त. तसाही ती फार बघते.

१८ ऑक्टोबर, शनिवार
कम्युनिटी क्लबात व्हेप टाकून द्यायची सरकारी पेटी आहे, टाकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तिघं गेलो. मेधाने आर्याच्याच हाताने टाकायला लावलं. आर्याने टाकलं आणि माझ्याकडे न बघता पुढे निघून गेली.
मेधाने माझा हात धरला. म्हणाली, "किती शांतपणे सांभाळलंस तू. मला वाटलं होतं, तिच्यावर हात उचलशील."
मी म्हटलं, "लहान आहे गं. चुकते."