चंपीच्या गुडघ्याची वाटी

भिंगार, मंगळवार, ११ जानेवारी १९७२

जीव थाऱ्यावर नाही. आमची टीचभर कुत्री चंपी मागचा पाय उचलून लंगडते, म्हणून गेल्या आठवड्यात मामंजींना नको ते बोलले. "तुम्हीच काठी मारली असणार!"

आज गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याची वाटी अंगठ्याने सरकवून दाखवली. "हा मार नव्हे, बाई. लहान चणीच्या कुत्र्यांत हे जन्मापासूनच असतं."

सासऱ्यांची माफी मागायची तरी कशी? टांग्यात तेच घोळत होतं. घरी येऊन डॉक्टरांचं बोलणं कसंबसं सांगितलं. मामंजी म्हणाले, "दुसरा पाय दाखवलास का? पायरी चढताना तोही उचलते ती. मी रोज बघतो."

मी कधी पाहिलंच नव्हतं. माफीही तोंडातच राहिली.